रोंदा दोन तासांत बघू नका: पूल, पाणी आणि भोवतालचे डोंगर

पहिल्यांदा दक्षिण स्पेनमधल्या रोंदाला गेले तेव्हा माझ्याकडे तिथे फक्त दोन तास होते. समुद्रकाठच्या गावातून सहलीची बस निघाली, अकराला पुलाजवळ सोडलं आणि एकला परत गोळा केलं. मी पुलावर उभं राहून खाली वाकून बघितलं, गर्दीत कोपर खात फोटो काढला, एक महागडं आइस्क्रीम खाल्लं आणि परत बसमध्ये येऊन बसले. पूल मात्र दिसला नाही. पुलावर उभं राहिल्यावर पूल कसा दिसणार?

दुसऱ्या वेळी आई-बाबांना घेऊन गेले, ऑक्टोबरच्या शेवटी, पाच रात्री. तेव्हा कळलं की हे गाव खाली उतरून बघायचं असतं. इथला सगळा इतिहास पाण्याभोवती फिरतो. पाण्याने कापलेली दरी, पाण्यासाठी खोदलेला जिना, पाण्यावर चाललेले हमाम म्हणजे सार्वजनिक स्नानगृहं, आणि आसपासच्या डोंगरांत पडून दगडात गडप होणारा पाऊस. त्या क्रमाने गेलात तर दगड-विटांचा अर्थ लागत जातो. खालचा आराखडा त्याच हिशेबाने केलाय.

आधी नावाचं. ‘रोंडा’ नाही, ‘रोंदा’. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ टेकवून येतात, त्यामुळे इंग्रजांपेक्षा आपण बरं स्पॅनिश बोलतो. रोमन लिपीतलं ‘जे’ दिसलं की ‘ख’ म्हणायचं, ‘एच’ गिळायचा, जोडीने दोन ‘एल’ आले की ‘य’. एवढ्यावर पाट्या वाचता येतात.

कधी जायचं

एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा 35 च्या वर जातो आणि डोंगरातल्या चांगल्या वाटा वणव्याच्या भीतीने बंद किंवा मर्यादित असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला पेद्रो रोमेरो या इथल्या जुन्या बैलझुंजपटूच्या नावाची जत्रा असते. तेव्हा गाव नटतं खरं, पण खोल्यांचे भाव ऐकून आपण खाली बसतो.

पावसाचं आपलं गणित तिथे उलटं करून घ्यावं लागतं. अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्रीला धडकतात तसेच अटलांटिकवरचे ओले वारे रोंदाच्या पश्चिमेच्या ग्रासालेमाच्या डोंगरांना धडकतात, पण उन्हाळ्यानंतर. शरद ते वसंत असा त्यांचा हंगाम. ग्रासालेमा गावात वर्षाला साधारण 2000 मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरकर यावर हसतील, पण स्पेनमधल्या सगळ्यात ओल्या जागांमध्ये हे गाव मोजलं जातं. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा छत्री उलटी करतो. रोंदा सातशे मीटरहून उंचावर आहे, त्यामुळे ऑक्टोबरातही संध्याकाळी स्वेटर लागतोच. बाबांनी ‘स्पेन म्हणजे ऊन’ म्हणत स्वेटर घरी ठेवला होता. पहिल्याच संध्याकाळी बाजारात जाऊन विकत घ्यावा लागला.

व्हिसा आणि पोचणं

शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण इतकं ताणू नका, मे-जूनसाठी अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो. मोठ्यांची फी 90 युरो, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा हवा आणि तो सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. दोन-तीन देश फिरणार असाल तर जिथे सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज.

विमानाने मलागाला उतरणं सगळ्यात सोयीचं. आपल्याकडून एखादा थांबा घ्यावाच लागतो. मलागाहून रोंदा सुमारे 100 किलोमीटर. बसने दोन तासांच्या आसपास, आणि बस हाच सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग. रेल्वे आहे, पण थेट गाड्या मोजक्या. बाकी वेळा अँतेकेरा किंवा बोबादियाला गाडी बदलावी लागते. माद्रिदहून येत असाल तर वेगवान गाडीने अँतेकेरापर्यंत या आणि पुढची जोडगाडी आधीच बघून ठेवा. सेव्हिलहून साधारण 130 किलोमीटर.

मार्गावर कामं निघाली की रेल्वेवाले मधल्या टप्प्याला बस देतात, म्हणून आदल्या रात्री साइट बघायचीच. वेळ असेल तर एक प्रवास मात्र रेल्वेनेच करा: रोंदाहून दक्षिणेला अल्खेसिरासकडे. हा मार्ग 1890 च्या सुमारास इंग्रजांच्या पैशाने झाला, जिब्राल्टरच्या साहेबलोकांना उकाड्यातून वर डोंगरात यायला. म्हणजे माथेरानसारखंच की हे, असं बाबा खिडकीतून बघत म्हणाले. रोंदातलं रेइना व्हिक्टोरिया हे जुनं हॉटेलही त्याच इंग्रजी पैशाने उभं राहिलं. जर्मन कवी रिल्के 1912-13 च्या हिवाळ्यात तिथे राहिला होता.

गाडी भाड्याने घ्यायची का? गावासाठी अजिबात नको, डोंगरांसाठी हवी. त्यामुळे पहिले दोन दिवस गाडीशिवाय काढा आणि तिसऱ्या दिवशी घ्या. आपलं लायसन्स आणि आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट, दोन्ही जवळ ठेवा. समुद्राकडून सान पेद्रो दे अल्कांतारामार्गे येणारा घाट सुंदर आहे पण वळणांनी पोट ढवळतं. घाट लागणारं माणूस सोबत असेल तर मलागाकडून आतल्या रस्त्याने या.

आणि नकाशाच्या ॲपवर विश्वास ठेवून जुन्या गावात गाडी घालू नका. मी घातली. गल्ली अरुंद होत गेली, दोन्ही आरसे दुमडले, मग समोरून एक आजोबा खुर्ची घेऊन दारात बसलेले दिसले. ते शांतपणे उठले, खुर्ची आत नेली, मला जाऊ दिलं, खुर्ची परत बाहेर. हा त्यांचा रोजचा उद्योग असावा. स्टेशनच्या बाजूला, नव्या भागात गाडी लावा आणि पुलापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालत या.

राहायचं कुठे

गावाचे तीन तुकडे आहेत. दरीच्या उत्तरेला एल मेर्कादियो म्हणजे नवा भाग: बाजार, स्टेशन, बस. दक्षिणेला ला सिउदाद, जुनं मूरकालीन गाव (मूर म्हणजे तेव्हा इथे राज्य करणारे मुसलमान). त्याच्याही खाली तटाबाहेर सान फ्रान्सिस्कोची वस्ती.

आई-बाबा सोबत असतील तर नव्या भागात, सपाटीवर राहा. नुसते दोघं असाल तर जुन्या गावात. सहलीच्या बसेस साडेपाच-सहाला निघून गेल्या की तिथे इतकी शांतता पसरते की कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज गल्लीभर ऐकू येतो. मला स्वतःला सान फ्रान्सिस्को आवडतं. तिथल्या चौकात संध्याकाळी गावातलीच माणसं पोरांना घेऊन येतात. या वस्तीच्या वेशीचं नाव ‘आल्मोकाबार’. अरबी ‘अल-मकाबिर’ म्हणजे कबरस्तान. मूरकाळात गावाबाहेर इथेच दफनभूमी होती. आपल्या ‘कबर’मधलाच हा शब्द, तेराव्या शतकातल्या दरवाजावर.

पहिले दोन दिवस: पूल खालून वर

सकाळी आठ-साडेआठला बाहेर पडा. बसेस दहा-साडेदहाला यायला लागतात, तोवर गाव तुमचं.

सुरुवात जुन्या गावातल्या मारिया आउक्सिलिआदोरा चौकातून. चौकाच्या कडेने दगडी वाट खाली उतरते, तिला गिरण्यांची वाट म्हणतात, कारण खाली नदीवर पूर्वी पिठाच्या गिरण्या होत्या. पंधरा मिनिटं उतरलात की मागे वळून बघायचं. तिथे पहिल्यांदा पूल दिसतो, आणि दिसतो तेव्हा थोडं गप्पच व्हायला होतं. 98 मीटर उंच दगडी बांधकाम, दोन कड्यांच्या मध्ये पाचर ठोकल्यासारखं. खालच्या छोट्या कमानीतून नदी धबधब्यासारखी पडते, वर एक उंचच उंच कमान, तिच्याही वर रस्ता आणि दोन्ही बाजूंना कड्याच्या टोकावर लटकलेली पांढरी घरं. पुलाच्या अगदी पायथ्याशी नेणाऱ्या वाटेला आता तिकीट लागतं आणि डोक्यावर हेल्मेट देतात. वरून दगड सुटतात, म्हणून. फोटोपुरतं तिथपर्यंत जायची गरज नाही. सकाळी पुलाचा हा चेहरा सावलीत असतो. उजेडातला फोटो हवा असेल तर दुपारनंतर परत या, पण चढण लक्षात ठेवून.

या पुलाचं नाव पुएन्ते नुएवो, म्हणजे नवा पूल. नवा म्हणजे 1793 चा. त्याआधी 1735 मध्ये इथेच एकाच कमानीचा पूल घाईघाईने बांधला होता. सहा वर्षांत तो कोसळला आणि पन्नासेक माणसं गेली. त्यामुळे पुढच्या वेळी लोकांनी घाई केली नाही: 1751 ला काम सुरू, संपायला 42 वर्षं. काम पुरं करणारा स्थपती होसे मार्तिन दे आल्देउएला. तो पुलावरून पडून मेला अशी गोष्ट गाइड हमखास सांगतात. तो मलागात, 1802 मध्ये, पूल होऊन नऊ वर्षांनी वारला. मधल्या कमानीवर एक खोली आहे, तिचा एके काळी तुरुंग होता. आता तिकीट काढून आत जाता येतं, पण आतलं प्रदर्शन मला यथातथाच वाटलं. वेळ कमी असेल तर सोडा.

दरीला एल ताखो म्हणतात आणि नदीला ग्वादालेविन. नकाशावर ग्वाद-ने सुरू होणारी नदी दिसली की समजायचं, हा अरबी ‘वादी’, म्हणजे नदीचं खोरं. ग्वादालकिविर, ग्वादिआरो, सगळ्या त्याच घरच्या.

वाट चढून वर या, कॉफी घ्या, आणि मग जुन्या गावाच्या पूर्वेच्या उतारावर कासा देल रेय मोरो गाठा. नाव ‘मूर राजाचा वाडा’, पण वाडा अठराव्या शतकातला, मूर राजे जाऊन तोवर अडीचशे वर्षं उलटलेली. बाग छान आहे, फॉरेस्तिए या फ्रेंच उद्यानकाराने 1912 मध्ये आखलेली. पण आपण आलोय ते बागेखालच्या जिन्यासाठी. त्याला ला मिना म्हणतात. कड्याच्या पोटातून नदीपर्यंत खोदलेल्या दोनशेच्या आसपास पायऱ्या, ओल्या, उंचसखल, मधूनच एखाद्या झरोक्यातून उजेड.

वेढा पडला की गावाला पाणी याच वाटेने मिळायचं. ख्रिस्ती कैद्यांची रांग लावून चामड्याच्या पिशव्यांतून पाणी वर चढवत. त्या पिशवीला स्पॅनिशमध्ये ‘साके’ म्हणतात, आपली पखालच. ‘रोंदात पखाली वाहत मरशील’ असा शापच पडला होता त्या काळी. 1485 च्या मे महिन्यात कॅथलिक राजांच्या, म्हणजे इसाबेला-फर्नांदोच्या, सैन्याने ही पाण्याची वाट तोडली आणि कुणाला न जुमानणारं हे गाव थोड्याच दिवसांत शरण आलं. खाली नदीच्या पातळीवर उभं राहून वर बघताना हे सगळं पटतं. बाबा अर्ध्यात थांबले. गुडघे दुखत असतील तर खरंच उतरू नका, उतरणं सोपं आहे, पण वर यायला दुसरा मार्ग नाही. पायात रबरी तळव्याचे बूट हवेत, चपला नकोत.

तिथून उताराने आणखी खाली गेलात की जुना पूल लागतो, आणि नदीकाठी हमाम. स्पेनमध्ये इतके शाबूत राहिलेले अरबी हमाम फार थोडे, आणि मला विचाराल तर तिकिटाचे पैसे गावात सगळ्यात जास्त इथेच वसूल होतात. छतात चांदण्यांच्या आकाराची भोकं आहेत, दुपारी बाराच्या सुमाराला त्यातून उन्हाचे झोत फरशीवर पडतात. गार, कोमट आणि गरम अशा तीन खोल्या, शेवटी भट्टी. बाहेर एक बुरुज आहे, त्यावर रहाट होता. गाढव गोल फिरायचं, पाणी वर चढायचं आणि छोट्या पाटाने हमामात यायचं. रहाटाला स्पॅनिशमध्ये ‘नोरिया’ म्हणतात, शब्द अरबीतून आलेला. कोकणातल्या वाडीत रहाट बघितलेल्याला इथली माहितीची चित्रफीत लागणार नाही.

वरच्या गावात मोन्द्रागोन वाडा (आता नगर संग्रहालय) आणि सान्ता मारिया चर्च बघा. चर्च मशिदीच्या जागेवर उभं आहे आणि जुन्या मिहराबचा, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याचा, तुकडा दाराशीच जपलाय. बैलझुंजीचं मैदान 1785 चं, दुमजली कमानींचं, मधलं रिंगण 66 मीटर व्यासाचं. आधुनिक पद्धतीची झुंज, म्हणजे जमिनीवर पायी उभं राहून, या गावातल्या रोमेरो घराण्याशी जोडली जाते. मला झुंज बघायची नव्हती आणि वर्षातले बहुतेक दिवस तिथे झुंज नसतेच. वास्तू म्हणून अर्धा तास पुरे. त्याच्या मागे आलामेदा बाग आहे, कड्याच्या टोकाशी सज्जे आहेत. सूर्यास्त तिथून बघा. फुकट आहे.

खाण्याचं, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी

पहिला धडा वेळेचा. जेवण दोन ते चार, रात्रीचं साडेआठ-नऊनंतर. साडेचारला भूक लागली म्हणून आम्ही तीन ठिकाणी गेलो, तिन्ही ठिकाणी स्वयंपाकघर बंद. म्हणून पिशवीत चिवडा-भडंग असू द्या. दुपारी ‘मेनू देल दिया’ मागा: दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड, साधारण 12 ते 16 युरो. हा फलक दारात खडूने लिहिलेला असतो. पुलालगतच्या चित्रांच्या मेनूवाल्या हॉटेलांत तो नसतो, आणि तीच ओळख समजा.

दुसरा धडा: ‘मी शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही. सालादमध्ये ट्यूना येतो, पालकात हॅमचे तुकडे येतात आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पाठ करा: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन’. मांस नको, मासे नकोत, हॅम नको. तिन्ही वेगवेगळं सांगायचं, कारण तिकडे हॅम हे मांस नसून मसाला असतो.

काय मागवायचं: आखोब्लांको, म्हणजे बदाम-लसणाचं थंडगार सार, साल्मोरेखो, टोमॅटो-पावाचं दाट सार, पण वरचं अंडं आणि हॅम काढायला सांगून, पालक-छोले, अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया. पायोयो हे इथल्या डोंगरी शेळ्यांच्या दुधाचं चीज, ते चुकवू नका. मात्र युरोपातल्या पारंपरिक चीजमध्ये प्राण्यांचं विरजण असू शकतं. कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

आणि ‘बेरेन्खेनास कोन मिएल’. वांग्याचे काप तळून त्यावर काळपट पाक ओततात. मेनूवर इंग्रजीत ‘मध’ लिहिलेलं होतं. आईने एक काप उचलला, चाटला, परत चाटला.

“अगं, मध कसला? ही तर काकवी आहे!”

ती काकवीच होती. स्पॅनिशमध्ये तिला ‘मिएल दे कान्या’ म्हणतात, उसाचा मध. ऊस अरबांनी इथे आणला आणि मलागाच्या किनाऱ्याकडे फ्रिखिलियाना गावात आजही काकवी होते. आईने पुढचे चार दिवस दुसरं काही मागवलं नाही. शेवटी दुकानातून दोन बाटल्या घेतल्या, कोल्हापूरच्या बाईने स्पेनहून काकवी आणली म्हणून घरी अजून थट्टा चालते. सामानाच्या बॅगेत टाकाल तर झाकणाला टेप लावा.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. पैसे बहुतेक ठिकाणी कार्डाने चालतात.

तिसरा दिवस: ग्रासालेमा

गाडी घेऊन पश्चिमेला निघा. पाऊण तासात डोंगर करडे व्हायला लागतात. सह्याद्री काळ्या कातळाचा, हा चुनखडीचा. पाऊस पडला की पाणी ओढ्याने वाहून न जाता दगडाच्या फटींतून आत जातं. त्यामुळे एवढ्या पावसाच्या मुलखात माथ्यावर पाणी दिसत नाही आणि पायथ्याशी अचानक झरा फुटतो. चालायला निघताना पाणी सोबत घ्या, वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका.

हा सगळा मुलूख 1977 पासून युनेस्कोचा जीवावरण राखीव प्रदेश आहे. त्याचं कारण पिन्सापो. देवदाराच्या नात्यातलं हे झाड हिमयुगानंतर या कोपऱ्यातल्या थंड, ओल्या उतारांवर तेवढं उरलं. एडमंड बोआसिए या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1837 मध्ये ते शोधलं. गावकऱ्यांना अर्थात आधीपासून ठाऊक होतं.

पिन्सापोच्या रानातली मुख्य वाट ग्रासालेमाहून बेनामाओमाला जाते, अकरा-बारा किलोमीटर, सुरुवातीला दमवणारा चढ आणि मग सावलीतली आडवी वाट. परवाना आगाऊ लागतो, रोज ठरावीक लोकांनाच देतात. तारखा पक्क्या झाल्या की पहिलं काम हेच करा, हॉटेलच्याही आधी. वाट एका गावात सुरू होऊन दुसऱ्यात संपते, म्हणून परतीची टॅक्सी सकाळीच सांगून ठेवा. परवाना मिळाला नाही तर हळहळू नका. बेनाओकासहून उब्रिकेला उतरणारी जुनी फरसबंदी वाट आहे, रोमन वाट म्हणून ओळखली जाणारी. तीनेक किलोमीटर, सगळा उतार, बिनपरवाना. खाली उब्रिकेत चामड्याच्या वस्तूंची दुकानं.

चालायचं नसेल त्यांच्यासाठी घाटरस्ता: ग्रासालेमाहून सआराकडे जाताना पालोमास खिंड लागते. गाडी लावा, कठड्याजवळ उभं राहा आणि वर न बघता खाली बघा. गिधाडं तुमच्या पायांखालून जातात. पाठीचा तपकिरी रंग आणि पंखांची बोटं स्पष्ट दिसतात. सकाळी दहानंतर, हवा तापून वर चढायला लागली की ती निघतात. त्याआधी जाऊन उपयोग नाही. आपल्याकडची गिधाडं मेलेल्या गुरांतल्या ज्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने संपत आली आणि ज्यावर भारताने 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी घातली, त्याच औषधाला स्पेनने 2013 मध्ये जनावरांसाठी परवानगी दिली. त्या कठड्यावर उभं असताना हे आठवलं आणि थोडं पोटात कालवलं.

चौथा दिवस: दगडाच्या पोटात

बेनाओखान हे रोंदाहून रेल्वेचं पुढचं गाव. तिथल्या पिलेता गुहेत वीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी काढलेले घोडे, शेळ्या आणि एक मोठा मासा आहे. 1905 मध्ये होसे बुयोन नावाच्या शेतकऱ्याने वटवाघळांचा माग काढला. त्याला शेतात घालायला त्यांची विष्ठा हवी होती. खतासाठी गुहेत उतरलेला माणूस चित्रांपाशी पोचला. गुहा अजून त्याच कुटुंबाकडे आहे, घरचीच माणसं हातात दिवे देऊन आत नेतात. आत वीज नाही, फोटोला बंदी, गट लहान. त्यामुळे बुकिंग आधी. स्टेशनपासून गुहा चढावर काही किलोमीटर आहे, टॅक्सी ठरवा.

स्टेशनजवळच ‘मांजराची गुहा’ आहे, कुएवा देल गातो. तोंडाशी हिरवंनिळं डबकं आणि आतून येणारं बर्फासारखं पाणी. हे पाणी डोंगराच्या पलीकडे उन्दिदेरो नावाच्या तोंडातून आत शिरतं आणि चार किलोमीटरहून जास्त अंधारातून वाहत इथे निघतं. पलीकडच्या बाजूला 1920 च्या दशकात वीज कंपनीने ऐंशी-एक मीटर उंचीचं धरण बांधलं. धरण उत्तम झालं, आजही भक्कम उभं आहे. फक्त पाणी टिकेना. चुनखडीतून झिरपून जात राहिलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे बाबा त्या भिंतीकडे बराच वेळ बघत उभे होते. “सर्वेक्षण कुणी केलं होतं?” एवढंच म्हणाले. गुहांच्या आत स्वतःहून शिरू नका, तो दोर आणि परवानगीवाल्यांचा प्रांत.

उरलेला दिवस

तीनपैकी एक निवडा. सेतेनिल: कड्याच्या कपारीखाली घरं, डोक्यावर दगडाचं छत, सुट्टीच्या दिवशी जत्रा असते, म्हणून मधल्या वारी सकाळी नऊला जा. आसिनिपो: उघड्या माळावरचं रोमन नाट्यगृह, माणूस जवळपास नाही, उघडं असण्याच्या वेळा मात्र रोंदाच्या पर्यटन कार्यालयात विचारून निघा. किंवा खेनालचं खोरं, पण फक्त ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, जेव्हा चेस्टनटची रानं तांबूस होतात आणि इग्वालेखा, पुखेरा या गावांत पोत्यांनी चेस्टनट बाहेर पडतात. आम्ही खेनालला गेलो आणि मला तेच पुन्हा करायला आवडेल.

निघायच्या सकाळी एक काम ठेवा. आलामेदा बागेसमोर ला मेर्सेदचा मठ आहे, कार्मेलाइट जोगिणींचा. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत तेरेसाच्या हाताचा अवशेष इथे आहे. तो स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोने मरेपर्यंत स्वतःजवळ ठेवला होता आणि नंतर परत आला. जोगिणी मिठाई करून विकतात, पण त्या दिसत नाहीत. भिंतीत लाकडी फिरतं कपाट असतं. घंटी वाजवायची, काय हवं ते सांगायचं, कपाट फिरतं, डबा येतो. तुम्ही पैसे ठेवायचे, कपाट परत फिरतं. अंड्याच्या पिवळ्या बलकाचा गोडवा बऱ्याच पदार्थांत असतो, न चालणाऱ्यांनी बदामाचा प्रकार मागावा. इथे कार्ड चालत नाही आणि मोडही सहसा मिळत नाही, म्हणून नेमके पैसे न्या.

आईने पन्नासची नोट ठेवली आणि लाकडाकडे बघून शुद्ध मराठीत म्हणाली, “सुट्टे नाहीयेत हो.” कपाट थोडा वेळ हललं नाही. मग आतून दोघी-तिघींचं हसणं ऐकू आलं.